एका नावाच्या दोघी

२२ डिसेंबर १९९५, शुक्रवार

आज गोह आंटींच्या स्वयंपाकघरात माझी चांगलीच फजिती झाली.

वर्षातला सर्वांत लहान दिवस, म्हणून चिनी घरांतून आज तांदळाचे गोड गोळे करतात. आलं आणि पांडान नावाची सुवासिक पानं घालून उकळलेल्या साखरेच्या पाण्यात ते सोडायचे. ज्याने खाल्ले तो एका वर्षाने मोठा झाला म्हणतात. सिंगापुरात, क्वीन्सटाउनला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. दर डिसेंबरला शेजारून आंटींचा वाडगा यायचा. यंदा म्हटलं, आपणच शिकू. आणि मनात हेही होतं की तांदळाच्या पिठाचं मला काय शिकवणार? उकडीचे मोदक करणारी बाई मी.

आंटी बाहेर फोनवर बोलत होत्या तेवढ्यात मी आधण ठेवलं, पीठ वैरलं, झाकण घालून वाफ आणली. झाकण काढलं तर आत खळ. चिकट तांदळाचं पीठ ते, पळी उलटी केली तरी खाली पडेना. आंटी आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि ओट्याला धरून हसत सुटल्या.

"जया, भिंतीवर पोस्टर लावणार आहेस का?"

त्यांचं इंग्रजी तुटक, माझं त्याहून तुटक, मधेमधे बाजारातलं मलाय. पण आमचं अडत नाही.

मग त्यांनी गार पाण्यात पीठ कालवलं. त्यातला लिंबाएवढा गोळा काढून उकळत्या पाण्यात शिजवला आणि तो शिजलेला गोळा परत कच्च्या पिठात मळून टाकला. "ही आई," त्या म्हणाल्या. "आई आत नसली तर पोरं पाण्यात फुटतात." अर्धं पीठ पांढरं ठेवलं, अर्ध्यात गुलाबी रंग घातला.

मी माझे गोळे मोजून वळले. एकेकाला चार, आम्ही नवराबायको आणि लेक, तिघांचे बारा. शशिकांत जहाजावर आहेत, त्यांचे मीच खाणार होते. शिजला की गोळा तरंगतो. बारा वर आले. तेरावा तळाशीच राहिला.

"मी बाराच केले होते," मी म्हटलं.

आंटींनी झारा फिरवला. तो हलेना. पातेल्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "मुलं किती तुला?"

"एकच. तुम्ही 'गर्ल' म्हणता ती."

"आधी?"

सिंगापुरात मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. पुण्या-मुंबईच्या बायका भिशीला जमतात, त्यांनाही नाही. आज त्या वाफेत उभी राहून मी सांगितलं. आधी एक होती, चौथ्या वर्षी गेली.

आंटींनी तळातला गोळा हळूच काढला, एका बशीत ठेवला आणि बाहेरच्या देव्हाऱ्यात, त्यांच्या मुलाच्या फोटोसमोर नेऊन ठेवला. "आज इथे खाऊ दे तिला," म्हणाल्या. जणू पोरगी खेळता खेळता शेजारी जेवायला बसली होती.

२४ डिसेंबर, रविवार

परवाचं डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढते.

मोठी १९७३ च्या ऑक्टोबरात झाली, उरणला. १९७७ च्या ऑगस्टात चार दिवस ताप येऊन गेली. शशिकांत तेव्हा ज्युनियर इंजिनियर होते, जहाज कुठे ब्राझीलकडे. ते घरी आले दोन महिन्यांनी. तोवर सासूबाईंनी तिचे कपडे, तिची पितळी भातुकली, सगळं देऊन टाकलं होतं. लहान मुलांचं श्राद्ध करत नाहीत. दिवसही घालत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "रडू नकोस. तिला वाट सापडायची नाही. येईल ती परत."

१९८० मध्ये अनघा झाली. सासूबाईंनी दुपट्यातलं बाळ उचललं, उजेडाकडे तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "आली गं. तीच आली. नाव बदलायचं कशाला?" बारशाला पाळण्यात तेच नाव घातलं. अनघा. कोणाला वावगं वाटलं नाही. आमच्याकडे असं करतात.

त्यामुळे मी कधी रडलेच नाही. जी येणारच आहे तिच्यासाठी कोण रडतं?

पण परवा हाताला जे वाटलं ते खोटं कसं लिहू? ताटलीत ओळीने मांडलेले पांढरे गोळे. आपल्याकडे असे गोळे कोणासाठी वळतात ते मला माहीत आहे. तिच्यासाठी ते कोणी वळले नव्हते.

११ जानेवारी १९९६, गुरुवार

अनघाची शाळा सुरू झाली. यंदा ओ लेव्हल, म्हणजे इथली दहावी. पहिल्या आठवड्यातच दोन ट्यूशन ठरल्या. मला म्हणते, "आई, यू जस्ट कुक, कॅन? डोन्ट वरी लाह." तिचं मराठी हल्ली 'काय गं' आणि 'आले' एवढ्यावर आलं आहे.

दुपारी आंटी आल्या. चपला काढून थेट स्वयंपाकघरात खाली बसल्या. खाली बसतात तेव्हा काहीतरी बोलायचं असतं.

त्यांचा मुलगा, आ सेंग, सहा वर्षांचा असताना नाल्याच्या पुरात गेला. बावीस वर्षं झाली. फोटोत तो दात पडलेला हसतो आहे. आंटी म्हणाल्या, "स्वप्नात येतो. आता मोठा आहे. तिकडेपण मुलं मोठी होतात, जया. शर्टाची बाही आखूड झाली म्हणतो. सगळ्या मित्रांची घरं झाली, माझंच नाही म्हणतो."

त्यांच्यात अशा गेलेल्या मुलांचंही लग्न लावतात. त्यांच्या देवळात एकाच्या अंगात येतं. तो म्हणाला, नवरी याच मजल्यावर आहे, रोज या दारावरून जाते.

मी हसले. म्हटलं, या मजल्यावर सगळ्या म्हाताऱ्याच आहेत.

आंटी हसल्या नाहीत. "तुझी मोठी. आता किती वर्षांची?"

 मी बोटांवर मोजलं. बावीस. इतक्या वर्षांत मी हा हिशोब कधी केला नव्हता. माझ्या मनात ती एक तर चार वर्षांची होती, नाही तर अनघाच्या वयाची.

बावीस. म्हणजे लग्नाची.

२८ जानेवारी, रविवार

हो म्हटलं.

वेडेपणा आहे, कळतं मला. शशिकांतना सांगितलं नाही. ते म्हणतील, जया, तुला दुपारी झोप लागत नाही का? पण कोणीतरी माझ्या त्या मुलीला मागणी घातली आहे. एवढ्या वर्षांत कोणी तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, आणि आंटी माझ्या दारात संत्री आणि लाल कागदाचं पाकीट घेऊन उभ्या राहिल्या, अगदी रीतसर. काळा रेशमी झगा घातला होता त्यांनी. पाहुणे बघायला आल्यावर आई जशी गडबडून पदर सारखा करते तशी मी गडबडले.

त्यांना जन्माची तारीख आणि वेळ हवी होती. ते काय अवघड? आपल्याकडे कोणी पत्रिका मागितली की आपण काढून देतो, कोण मागतं आहे हे पुरतं विचारतही नाही. ट्रंकेच्या तळातून तिची पत्रिका काढली. लाल कागदावर इंग्रजीत वेळ लिहून दिली, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. आणि नाव. अनघा.

आंटींनी नावावरून बोट फिरवलं. "सुंदर. हेच एक नाव?"

"हेच एक," मी म्हटलं.

४ मार्च, सोमवार

मुलगी दिली.

चिनी नववर्षाचा पंधरावा दिवस, कंदिलांचा. अनघा शाळेत होती. आम्ही सकाळीच गोळे वळायला बसलो, यावेळी सगळे जोडीने, एक पांढरा एक गुलाबी. मी आईचा गोळा शिजवून पिठात मळला. आता मला बरोबर जमतं. एकही फुटला नाही, एकही तळाशी राहिला नाही.

कागदाची नवरी केली होती. तिला मी माझ्या लग्नातल्या हिरव्या बांगड्यांपैकी दोन घातल्या. कागदाच्या हातातून त्या घसरत होत्या, म्हणून दोऱ्याने बांधल्या. आंटींनी मुलाच्या फोटोला लाल फीत लावली. देवळातला तो माणूस, अगदी साधा, टॅक्सी चालवतो म्हणे, काहीतरी लांब सुरात म्हणाला. मी कुंकू लावलेले तांदूळ टाकले. दोन वाडग्यांत दोन दोन गोळे वाढले. मग खाली जाऊन पत्र्याच्या पिंपात सगळं जाळलं. नवरी, कागदाचंच घर, कपडे, चपला आणि माझ्या हाताचा तो लाल कागद.

कागद जळताना त्या माणसाने नाव मोठ्याने उच्चारलं. तीन वेळा. त्याच्या तोंडी ते वेगळंच वाटलं, पण होतं तेच.

मला हुंदका आला. मुलीच्या पाठवणीला आई रडते तशी मी, पंचेचाळिशीला आलेली बाई, त्या पिंपाशी उभी राहून रडले. एकोणीस वर्षांनी. हलकं वाटलं.

९ मार्च, शनिवार

घर शांत आहे. चांगलं शांत.

अनघाला तांदळाचे गोळे आवडत नाहीत, "चूइंग गम" म्हणते. आज फ्रिजमधले उरलेले पाच गरम करून खाल्ले आणि वाटी तोंडाला लावून पाणीसुद्धा प्यायली. म्हटलं, "काय गं, आज कसे गोड लागले?"

"इकडचं आहे ना," म्हणाली. मराठीत. कुठे शिकली कोण जाणे.

१४ मार्च, गुरुवार

आज माझी मान ताठ झाली. शाळेला सुट्टी आहे. दुपारी अनघाने कोणी न सांगता चहा केला. आपला दूध घातलेला नव्हे, चिनी लोकांचा काळा, बिनसाखरेचा, आणि आंटींकडे घेऊन गेली. मी पाठोपाठ गेले बघायला. आंटी खुर्चीवर बसल्या होत्या. अनघाने पेला दोन्ही हातांनी धरला, गुडघे टेकले आणि मान खाली घालून पुढे केला. आंटींनी दोन्ही हातांनी घेतला. घोटभर प्यायल्या. पेला खाली ठेवायचा त्या विसरल्या.

मी म्हटलं, "बघा, किती वळण आहे पोरीला."

आंटी माझ्याकडे बघत राहिल्या.  निघताना मात्र त्यांनी मला दारात थांबवलं. "हे तू शिकवलंस?"

"नाही हो. मालिकांत बघितलं असेल."

"हं," म्हणाल्या, आणि दार लावलं. एरवी त्यांचं दार दिवसभर उघडं असतं.

२५ मार्च, सोमवार

वर्गशिक्षिकांचा फोन. अनघाचं लक्ष नाही. हजेरीला नाव घेतलं की उत्तर देत नाही, आणि कोणी हाक मारलेली नसताना मधेच उठून म्हणते, "आले." मराठीत. मुलं हसतात. बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या परीक्षेचा ताण असेल.

मलाही तेच वाटतं. ताणच. झोपते तीही पलंगाच्या अगदी काठावर, भिंतीकडची बाजू मोकळी सोडून. खाली पडशील म्हटलं तर म्हणते, "जागा पुरत नाही गं."

संध्याकाळी विचारलं, एमआरटीच्या स्टेशनवरून एकटी येतेस ना, कोणी त्रास देत नाही ना?

"नो लाह. अंकल देतो ना छत्री."

"कोण अंकल?"

"नॉट अंकल. यंगच आहे. स्टेशनपासून मागे मागे येतो. पाऊस नसला तरी छत्री धरतो. डोन्ट वरी आई, ही इज वेरी पोलाइट. शर्ट तेवढा फनी आहे. बाह्या पुरत नाहीत त्याला."

कोणीतरी साधा पोरगा असेल. उद्यापासून मी स्टेशनवर जाईन.

२७ मार्च, बुधवार

दोन दिवस तिला आणायला स्टेशनवर गेले. कोणी दिसलं नाही. आमची लिफ्ट नवव्या मजल्यावरच थांबते आणि आठव्या मजल्यावरचं घर गाठायला एक जिना उतरावा लागतो. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा अनघा बाजूला सरकली, कोणालातरी आधी बाहेर पडू द्यावं तशी.

तिचं अंग गरम लागतं आहे.

३० मार्च, शनिवार

आज सगळं उघडं पडलं. 

ताप होता म्हणून अनघाला घरी ठेवलं होतं. मी भाजीला खाली गेले. परत आले तर ती घरात नाही. आंटींचं दार अर्धवट उघडं. अनघा देव्हाऱ्यासमोर उभी होती. आ सेंगच्या फोटोशेजारी एक नवी लाकडी पाटी. त्यावर चिनी अक्षरं आणि खाली इंग्रजीत सोनेरी रंगाने नाव.

"आई," ती म्हणाली, "व्हाय इज माय नेम देअर?"

मी म्हटलं, तुझं नाही. तुझ्या बहिणीचं.

म्हणजे असं, की माझ्या मुलीला पंधराव्या वर्षी, त्या देव्हाऱ्यासमोर, कळलं की तिला बहीण होती. तिला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय होतं? तीच परत आली म्हटल्यावर सांगायचं कोणाबद्दल?

ती पाटीकडून माझ्याकडे वळली. "सो आय ॲम व्हॉट? व्हर्जन टू?"

"तसं नाही गं बाळा."

"माझंच नाव तिला देऊन तू तिचं लग्न लावलंस?"

"तिचं नाव तुला दिलं होतं," मी म्हटलं, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते ऐकू आलं.  तीच परत आली असेल तर त्या दिवशी मी कोणाला दिलं? आणि परत आलेली नसेल तर मी एकोणीस वर्षं कोणासाठी रडले नाही?

आंटी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांना एवढंच कळलं की आम्ही दोघी रडतो आहोत. मी इंग्रजी शब्द जुळवत सांगितलं. दोघी. एकच नाव. अनघाला त्या नेहमी 'गर्ल'च म्हणत आल्या होत्या. आंटींचा चेहरा पांढऱ्या पिठासारखा झाला.

"मी विचारलं तुला, हेच एक नाव? तू म्हणालीस हेच एक!" त्या माझ्यावर पहिल्यांदाच ओरडल्या. "दोन मुली, एक नाव? तो घरातून हाक मारतो, जया! जिला ऐकू येते ती जाते! तो चहा सुनेने सासूला द्यायचा असतो!"

२ एप्रिल, मंगळवार

ताप एकशे तीनवर. डॉक्टर म्हणाले, विषाणूचा ताप आहे, भरपूर पाणी द्या. त्यांचं बरोबरच असेल. पण ती डोळे मिटून पडलेली असते, आणि मधेच स्पष्ट आवाजात, भिंतीकडे तोंड करून, "आले" म्हणते आणि उठून बसते. मी तिला धरून ठेवते. आंटींचं घर त्या भिंतीपलीकडे आहे.

मोठी गेली तेव्हाही चारच दिवस ताप होता. आज चौथा.

आंटींकडे गेले. म्हटलं, मोडा हे लग्न. पाटी काढा.

त्या माझ्यावर रागावलेल्या नाहीत आता. रडून रडून डोळे बारीक झाले आहेत. म्हणाल्या, कागद जळला, म्हणजे तिकडे पोचला. देवळातल्या माणसालाही विचारलं. परत मागता येत नाही. "आणि तुझी मोठी," त्या म्हणाल्या, "तिला आता कुठे घर मिळालं. कुठे पाठवू तिला? कॉरिडॉरमध्ये?"

 एका मुलीला वाचवायला दुसरीला बाहेर काढू?

५ एप्रिल, शुक्रवार

ताप चढतो, उतरतो. आज काही नाही तरी अर्धी पोळी खाल्ली.

शशिकांतांचा फोन आला, आखातातल्या फुजैरा बंदरातून. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. ते ओरडतील, हसतील, काय वाटेल ते करतील असं धरून. 

मग म्हणाले, "जया, आईने नाव ठेवलं तेव्हा मी काही बोललो नाही. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा हसू आलं होतं. पण मी कधी तसं मानलं नाही. मला दोन मुली आहेत. पहिल्यापासून दोनच. फॉर्म भरताना नेहमी माझा हात अडखळतो."

सोळा वर्षं संसार केला त्यानंतर, आणि हे मला माहीत नव्हतं.

"मग मी आता काय करू हो?"

"मला भुताखेतांतलं काही कळत नाही. इंजिनरूमचा माणूस मी." खोकले. "पण लग्न लावलंसच ना? मग पुरतं तरी लाव. आपल्यात मुलगी माहेरचं नाव घेऊन सासरी जाते का? तू कुठे आणलंस? सुलभा होतीस. मी तांदळात अंगठीने लिहिलं तेव्हा जयवंती झालीस."

"जयवंति लिहिलं होतं तुम्ही. ऱ्हस्व. मामा सगळ्यांना ताट दाखवत फिरला."

"हो, तेच ते," ते म्हणाले, आणि एवढ्या लांबून, इतक्या दिवसांनी, आम्ही दोघं हसलो. मग ते रडायला लागले. माणूस रडताना फोनवर कसा ऐकू येतो ते मला आज कळलं.

माहेरचं नाव माहेरीच राहायला हवं. ही एवढी साधी गोष्ट. लग्नात ती मीच विसरले, कारण मुलीची आई म्हणून मला ते कधी करायला मिळालं नव्हतं.

८ एप्रिल, सोमवार

आज दुपारी केलं.

आंटींना समजावून सांगितलं. आमच्याकडे नवरीचं नवं नाव नवरदेव लिहितो, ताटातल्या तांदळात. ते लिहिलं की सासरी तिला त्याच नावाने हाक मारतात, जुन्याने नाही. आंटींनी पुन्हा पुन्हा विचारलं, "तो लिहितो? आई नाही, सासू नाही? तोच?" मी म्हटलं, तोच. त्या विचारात पडल्या. "सहा वर्षांचा होता. शाळेत नुकताच घातला होता."

तांदळाऐवजी त्यांनी गोळ्यांसाठी आणलेलं चिकट तांदळाचं पीठ काढलं. मोठ्या स्टीलच्या ताटात पसरून मी ते तळव्याने सपाट केलं. त्यावर माझी अंगठी ठेवली. ताट फोटोसमोर ठेवलं. "इथे उभं राहून बघायचं नाही," आंटी म्हणाल्या, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो.

गोळे वळले. बोलण्यासारखं काही नव्हतं. आंटी पांढरे करत होत्या, मी गुलाबी. अनघा आमच्याकडे झोपली होती, तिने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून आमच्या दोन्ही घरांची दारं उघडी होती. एकदा बाहेर काहीतरी सरकल्यासारखं वाजलं. आंटींनी माझं मनगट पकडलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तरंगेपर्यंत नाही."

गोळे एकेक करून वर आले. सगळे.

आम्ही बाहेर आलो. अंगठी ताटाच्या काठाशी होती. पिठात तीन अक्षरं होती, मोठी, वाकडी, एकमेकांपासून दूर दूर. देवनागरी. वर रेघ दिलेली नव्हती.

आंटींनी तोंडावर हात धरला. "हे चिनी नाही. माझ्या मुलाला हे येत नाही."

"नाही," मी म्हटलं. "तिने हात धरला असेल."

क. म. ल.

त्या उन्हाळ्यात उरणला ओटीवर बसून मी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची. या तीन अक्षरांपर्यंत आलो होतो. काना, मात्रा, वेलांटी अजून शिकवायची होती. तिला आपल्या मनाने लिहिता येण्यासारखं हे एकच नाव होतं.

मी आंटींना ते म्हणून दाखवलं. त्यांनी दोनदा घोकलं, मग फोटोकडे वळून आपल्या भाषेत बराच वेळ काही सांगितलं, आणि शेवटी ते नाव. नंतर माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "काळजी करू नकोस. सून आहे माझी."

पाटीवरचं सोनेरी नाव त्या उद्या खरवडून घेणार आहेत. दोन वाडगे मी स्वतः वाढले. चार गोळे. कमल, जेव हं, असं म्हणाले, आणि मग मला तिथे थांबवेना.

कॉरिडॉरमधून घरी आले. आमच्या दारात उभी राहून मी हाक मारली, "अनघा!"

"काय गं आई?" ती बेसिनपाशी उभी होती, साबणाने हात धूत. ताप उतरला होता, कपाळाला हात लावून बघितलं, गार होतं. दोघींपैकी एकीचंच उत्तर आलं होतं. मी पुन्हा हाक मारली, खात्री करायला. "इथेच आहे लाह! किती वेळा बोलावतेस?"

भिंतीपलीकडे आंटी कोणाला तरी वाढत होत्या, चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज येत होता. तिथे पोचवलेली मुलगी आता पाहुणीसारखी आली तरच येईल. मी तिच्यासाठी दार उघडं ठेवून एकोणीस वर्षं बसले होते, हे मला आज कळलं. अनघा आत आहे हे पुन्हा एकदा बघितलं, आणि दार लावून घेतलं.